श्वासनलिकेतले बिऱ्हाडकरू

वसंत व्याख्यानमालेचा श्रोता मोठा सोशिक असतो. दिवसभर वैशाखाचे ऊन सोसून, अंगावर पाण्याचे दोन तांबे घेऊन, तो संध्याकाळी सतरंजीवर येऊन बसतो आणि वक्त्याचे सर्व काही ऐकून घेतो. परंतु अशा सभेत एक पाहुणा न बोलावता येतो, तो म्हणजे खोकला. वक्ता रंगात आलेला असतो आणि मधल्या रांगेतून खोकल्याची उबळ उठते. माणसे मागे वळून पाहतात. खोकणारा बिचारा तोंडावर उपरणे धरून, ओशाळून, बाहेर ओसरीवर जातो. आजचे आमचे व्याख्यान त्या ओसरीवर गेलेल्या गृहस्थाविषयी आहे. तेव्हा आज कोणी खोकताना संकोच करू नये, आणि कोणी मागे वळून पाहू नये, एवढी विनंती प्रारंभीच करून ठेवतो.

हा गृहस्थ आपल्या जिल्ह्यात सर्वांच्या ओळखीचा आहे. दारव्हा, घाटंजी, पांढरकवडा, वणी, कोठेही जा, तो भेटतोच. काही वर्षांपूर्वी त्याला क्षयरोग झाला होता. सहा महिने गोळ्या नेमाने घेतल्या. कार्डावर ‘उपचार पूर्ण’ असा शेरा पडला. बेडका तपासला तर त्यात क्षयाचे जंतू नाहीत. येथपर्यंत सारे यथास्थित. तथापि खोकला काही गेला नाही. रोज सकाळी वाटीभर कफ पडतो. पाऊस लागला किंवा थंडी उतरली की तो कफ पिवळा-हिरवा होतो, अंगात कणकण येते, धाप लागते आणि आठ-पंधरा दिवस शेतात पाऊल टाकवत नाही. असे वर्षातून दोनदा, तीनदा घडते.

त्याला तीन उत्तरे मिळतात. शेजारी म्हणतो, “टीबी उलटला.” औषधाच्या दुकानातला माणूस म्हणतो, “दमा आहे, ही बाटली घ्या.” घरातली मंडळी म्हणतात, “वय झाले, आता असे चालायचेच.” ही तीनही उत्तरे कधी कधी खरी असतात, म्हणूनच ती घातक आहेत. कारण पुष्कळदा खरे उत्तर चौथेच असते: क्षयाचे जंतू मेले, पण त्यांनी पाडलेल्या घरात आता दुसऱ्याच जंतूंनी बिऱ्हाड थाटले आहे. हे बिऱ्हाडकरू कोण, ते तेथे कसे राहतात, रोगात त्यांचा वाटा किती, आणि हा वाटा शास्त्रज्ञ कसा मोजतात, एवढे आज आपण पाहू.

प्रथम घराची रचना पाहू. घशातून खाली उतरणारी मुख्य श्वासनलिका दोन फांद्यांत विभागते. त्या फांद्यांना पुन्हा फांद्या फुटतात. असे सुमारे तेवीस वेळा होते, आणि शेवटी वायुकोशांचे घोस लागतात. उलटा धरलेला वृक्षच म्हणा. या वृक्षातून प्रौढ माणूस दिवसाकाठी दहा हजार लिटरांहून अधिक हवा आत-बाहेर करतो. ती हवा काही देवघरातली नसते. तिच्यात धूळ असते, धूर असतो, कापसाचे तंतू असतात आणि जंतूही असतात. मग फुप्फुसे घाणीने भरून का जात नाहीत?

याचे कारण असे की नळ्यांच्या आतल्या अंगाला अखंड झाडलोट चाललेली असते. तेथील पेशींवर सूक्ष्म केसांचा गालिचा असतो. एकेका पेशीवर सुमारे दोनशे केस. त्यांच्यावर चिकट श्लेष्म्याचा पातळ थर पसरलेला असतो. धूळ आणि जंतू या थरात अडकतात, आणि ते केस सेकंदाला दहा-पंधरा वेळा एकाच दिशेने लवून तो थर वर घशाकडे ढकलतात. वाऱ्याने गव्हाचे शेत लवावे तसे हे दृश्य सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. घशाशी आलेला थर आपण नकळत गिळून टाकतो. निरोगी माणसाच्या बाबतीत हे काम रात्रंदिवस चालते आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

आता आपल्या गृहस्थाकडे वळू. क्षयाने त्याच्या नळ्यांच्या भिंती खाल्ल्या. जखम भरली, पण व्रण राहिला. काही नळ्या आखडल्या, काही ताणल्या जाऊन कायमच्या फुगल्या. या फुगण्याला वैद्यकात ब्राँकिएक्टेसिस म्हणतात. मराठीत आपण श्वासनलिका-विस्फार म्हणू. १८१६ साली स्टेथॉस्कोप शोधणाऱ्या लाएनेक या फ्रेंच वैद्याने १८१९ मध्ये त्याचे वर्णन करून ठेवले आहे. पुढे १८२६ मध्ये तो स्वतः क्षयानेच गेला. अशा फुगलेल्या नळीत तो केसांचा गालिचा उरत नाही. शेतातला पाट फुटला, मध्येच खड्डा पडला, की पाणी पुढे न जाता तेथेच साचते. आणि साचलेल्या पाण्यात काय होते हे शेतकऱ्याला सांगायला नको. येथेही तेच. श्लेष्मा साचतो, आणि साचलेल्या श्लेष्म्यात जंतूंची वस्ती होते.

येथे एक शंका निघेल. जंतू सापडले म्हणजे तेच रोगाचे कारण, एवढे पुरे नाही काय? आपल्याला तसे वाटण्याचे कारण क्षयरोगच आहे. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला, आणि एक रोग, एक जंतू, असा सुटसुटीत नियम जगाच्या मनावर ठसला. जंतू रोग्यात सापडावा, तो वेगळा काढून वाढविता यावा, निरोगी प्राण्यात सोडला असता तोच रोग व्हावा: या कसोट्यांना क्षयाचा जंतू पुरेपूर उतरला.

परंतु हा नियम ताणला की काय होते, हेही कॉख यांच्याच एका सहकाऱ्याने दाखवून दिले. रिचर्ड फायफर यांना १८९२ मध्ये इन्फ्लुएन्झाच्या रोग्यांच्या कफात एक बारीकसा जंतू विपुल सापडला, आणि हाच इन्फ्लुएन्झाचे मूळ होय असे त्यांनी सांगितले. जंतूला नावही तेच मिळाले, हिमोफिलस इन्फ्लुएन्झी. पुढे १९३३ मध्ये लंडनमध्ये सिद्ध झाले की इन्फ्लुएन्झा विषाणूमुळे होतो. फायफर यांचा जंतू त्या घरात होता हे खरे. पण आग त्याने लावली नव्हती. चुकीचे नाव मात्र त्याला आजतागायत चिकटून राहिले आहे. घरात सापडला म्हणून त्याला चोर ठरवू नये, हा धडा या इतिहासातून घ्यायचा. आणि लगेच दुसरा धडाही घ्यायचा: चोर नाही म्हणून तो निरुपद्रवीही ठरत नाही. कारण हाच हिमोफिलस जखमी श्वासनलिकेत वस्ती करणाऱ्या प्रमुख जंतूंपैकी एक आहे.

दुसरा बिऱ्हाडकरू अधिक हट्टी. त्याचे नाव स्यूडोमोनास. ज्या १८८२ साली कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखविला, त्याच साली जेसार या फ्रेंच शास्त्रज्ञाने, जखमेच्या पट्ट्यांना निळा-हिरवा रंग का चढतो याचा शोध घेताना, हा जंतू वेगळा काढला. ओलसर जागा त्याला प्रिय. पाणी, माती, मोरीचा निचरा, सगळीकडे तो असतो. धडधाकट फुप्फुसात त्याला थारा मिळत नाही. जखमी फुप्फुसात एकदा शिरला की निघता निघत नाही.

तो का निघत नाही, हे समजायला आपला पाण्याचा रांजण पुरे. रांजण चार दिवस घासला नाही तर आतून बुळबुळीत थर धरतो. नुसते पाणी ओतून तो निघत नाही. हाताने घासावा लागतो. हा थर म्हणजे जंतूंची वस्तीच असते. जंतू स्वतःभोवती चिकट पदार्थ विणून त्यात एकत्र राहतात. इंग्रजीत याला बायोफिल्म म्हणतात. कॅनडात जन्मलेले कॉस्टर्टन आणि डेन्मार्कचे हॉयबी यांनी १९७० नंतरच्या दशकात या वस्तीचे महत्त्व वैद्यकाच्या लक्षात आणून दिले. सुटा जंतू ज्या औषधाने मरतो, त्याच औषधाला थरातला जंतू पुरून उरतो. कारण औषध आतपर्यंत नीट पोचत नाही आणि आतले जंतू अर्धवट झोपलेले, अतिमंद गतीने वाढणारे असतात. म्हणून आपल्या गृहस्थाला गोळ्यांनी बरे वाटते, ताप उतरतो, कफ पांढरा होतो, आणि दोन महिन्यांनी सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. औषध खोटे नव्हते. ते पृष्ठभागावरच्या जंतूंपर्यंत पोचले, तळाशी नाही.

मग या जंतूंचा अपराध नेमका किती, हे कसे ठरवायचे? रोगी बरा असतानाही ते कफात असतात आणि आजार बळावतो तेव्हाही असतात. अशा वेळी एकदाच बेडका तपासून काही उमगत नाही. महिनोन्‌महिने त्याच माणसामागे लागावे लागते. अमेरिकेतील बफेलो शहरी संजय सेठी आणि त्यांचे सहकारी यांनी नेमके हेच केले आणि २००२ मध्ये ते प्रसिद्ध केले. धूर व धूळ यांनी नळ्या अरुंद होण्याचा जो दीर्घकालीन रोग, ज्याला आज सर्वत्र सीओपीडी म्हणतात, त्याचे ८१ रुग्ण त्यांनी चार वर्षांहून अधिक काळ पाहिले. दर भेटीला कफ घेतला, जंतूची जात तर ओळखलीच, पण तिचा वाणही ओळखला. आडनाव तेच, पण माणूस नवा आहे की जुना, हे तपासावे तसे. ज्या भेटीत नवा वाण आला होता, त्यांतील ३३ टक्के भेटींत रोग बळावलेला होता. नवा वाण नव्हता तेथे १५.४ टक्के. जुन्या भाडेकरूशी शरीर कसेबसे जमवून घेते. नवा आला की भांडण पेटते. जंतूंचा वाटा असा प्रथमच आकड्यांत मांडला गेला. मात्र १५ टक्क्यांचा आकडाही विसरू नये. नव्या वाणाशिवायही रोग बळावतो, म्हणजे सारा दोष जंतूंवर ढकलता येत नाही.

उरलेला दोष कोणाचा? अंशतः आपल्याच शरीराचा. १९८६ मध्ये लंडनच्या पीटर कोल यांनी या रोगाचे एक दुष्टचक्र मांडले. जंतू वाढले की त्यांना मारायला रक्तातील पांढऱ्या पेशी धावून येतात. त्यांच्याजवळ प्रथिने विरघळविणारी विकरे असतात. ती जंतूंवर सोडली जातात, पण चकमकीत घराची भिंतही विरघळते. भिंत अधिक ढासळली की श्लेष्मा अधिक साचतो. श्लेष्मा साचला की जंतू वाढतात. जंतू वाढले की पुन्हा पांढऱ्या पेशी. दरोडेखोर पकडायला आलेल्या फौजेनेच गाव लुटावे, तशी ही गत.

चक्र कल्पनेत मांडणे सोपे. ते खरे आहे की नाही, हे एकेक आरा अडवून पाहिल्यावरच कळते. शास्त्रज्ञांनी तेच केले. जंतूंचा आरा अडविण्यासाठी जंतुनाशक औषध फवाऱ्याने थेट नळ्यांत सोडून पाहिले. कफातील जंतू कमी झाले, पण रोग बळावण्याच्या वेळा काही चाचण्यांत घटल्या आणि काहींत फारशा घटल्या नाहीत. ॲझिथ्रोमायसिन हे औषध अल्प प्रमाणात महिनोन्‌महिने देऊन न्यूझीलंड आणि नेदरलँड्स येथे पाहिले. २०१२ व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचण्यांत रोग बळावण्याच्या वेळा घटल्या. परंतु हे औषध जंतू मारते तसेच दाहही शमविते, तेव्हा गुण कोणत्या हाताने आला हे सांगणे कठीण. शिवाय औषधाला न जुमानणारे जंतूही वाढले. अगदी अलीकडे, २०२५ मध्ये, ब्रेन्सोकॅटिब या औषधाच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. हे औषध जंतूंना हातच लावत नाही. पांढऱ्या पेशींच्या विकरांची धार तेवढी बोथट करते. सतराशेहून अधिक रुग्णांवरील या चाचणीत रोग बळावण्याचे प्रमाण सुमारे एक पंचमांशाने घटले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. जंतूंना न मारता रोग कमी झाला, याचा अर्थ कोल यांचे चक्र खरे आहे. आणि तो केवळ एक पंचमांशाने कमी झाला, याचा अर्थ चक्राला दुसरेही आरे आहेत.

आता ही विलायतेची कथा सोडून घरी येऊ. आपल्या देशातील श्वासनलिका-विस्फाराच्या २१९५ रुग्णांची नोंद ३१ केंद्रांत २०१५ ते २०१७ या काळात झाली आणि २०१९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तीत सर्वांत मोठे कारण पूर्वीचा क्षयरोग हे निघाले, ३५.५ टक्के. कफात सर्वाधिक वेळा सापडलेला जंतू स्यूडोमोनास, १३.७ टक्के. आणि युरोपात वारंवार सापडणारा हिमोफिलस आपल्याकडे अगदी क्वचित. तेव्हा प्रश्न उभा राहतो: हा जंतू आपल्या लोकांत खरोखरच कमी आहे, की तपासणीपर्यंत पोचण्याआधीच तो मरतो?

हा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण आपल्या जिल्ह्यासाठी तो कळीचा आहे. हिमोफिलस नाजूक आहे. त्याला वाढायला तापविलेल्या रक्ताचे, चॉकलेटी रंगाचे खास माध्यम लागते. बेडका दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचावा, नाही तर थंड ठेवावा, असा दंडक आहे. उमरखेडहून किंवा झरी-जामणीहून निघालेली डबी एस्टीने यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत यायला किती वेळ लागेल, आणि मे महिन्याच्या उन्हात त्या डबीत काय शिजेल, याची कल्पना श्रोत्यांनीच करावी. नाजूक जंतू मरतो, दणकट जंतू फोफावतो, आणि कागदावर उमटते ते डबीतले सत्य, छातीतले नव्हे. त्यातून रोग्याने आधीच दुकानातून दोन-तीन दिवसांच्या गोळ्या घेतलेल्या असतील, तर उरलासुरला पुरावाही पुसला जातो.

आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी एक वेगळेच काम केले आहे. क्षयजंतूचे काही भाऊबंद पाण्यात आणि मातीत राहतात. ते सहसा माणसाच्या वाटेला जात नाहीत, पण जखमी फुप्फुसात घर करू शकतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब क्षयजंतूसारखे दिसतात. मध्य भारतातील पाणी आणि माती तपासून हे जंतू कसे वेगळे काढले, हे या मंडळींनी २००९ मध्ये प्रसिद्ध केले. याचे महत्त्व असे: बेडक्यात लाल रंगलेली काडी दिसली की ती क्षयाचीच, असे जुन्या रोग्याच्या बाबतीत धरून चालत नाही. आज जंतूच्या जनुकावरून ओळख पटविणारी यंत्रे आली आहेत. गोव्यात तयार होणारे ट्रूनॅट हे त्यांपैकी एक, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याला मान्यता दिली आहे. क्षय उलटला की नाही, हा प्रश्न आता अंदाजावर सोडण्याचे कारण उरलेले नाही.

पुण्याकडे धुराचा विचार झाला. सीओपीडी हा विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचाच रोग, ही समजूत खोडून काढणारा लेख पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ मध्ये लिहिला; जगातील सुमारे तीन अब्ज माणसे चुलीच्या धुरात वावरतात, हे त्यात दाखविले. पुढे २०२१ मध्ये पुण्याच्या संशोधकांनी विडीच्या धुराने आजारी, चुलीच्या धुराने आजारी आणि निरोगी, अशा माणसांच्या तोंडातील व नाकातील जंतूंची गणती ताडून पाहिली, आणि रोग्यांमध्ये ही वस्ती विस्कटलेली आढळली. फुप्फुसे निर्जंतुक असतात असे आम्ही विद्यार्थी असताना शिकलो होतो. २०१० च्या सुमारास नव्या तपासण्यांनी ते चुकीचे ठरविले. निरोगी फुप्फुसातही थोडे जंतू तोंडातून उतरत असतात आणि बाहेर काढले जात असतात. म्हणून तोंडातली वस्ती बिघडली तर खालच्या मजल्यावर त्याचा परिणाम होणे शक्य आहे. आमच्या ज्या बहिणी पऱ्हाट्या आणि तुराट्या जाळून भाकरी थापतात, आणि जे तरुण दिवसभर गालात खर्रा धरून असतात, त्यांनी हे ध्यानी घ्यावे. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने गॅसची शेगडी पुष्कळ घरांत पोचली. पण सिलिंडर संपला की चूल पुन्हा पेटते, हेही आपण पाहतो.

राहिला आपला कापूस. कापसाच्या धुळीत काम करणाऱ्यांना आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर परतल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, या रोगाला बिसिनोसिस म्हणतात. मुंबईच्या गिरणी कामगारांचा पाच वर्षे मागोवा घेऊन डॉ. एस. आर. कामत आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोष धाग्याचा असावा, असे कोणालाही वाटेल. परंतु बोंडावर वाढून मेलेल्या काही जंतूंच्या कवचात एक विष असते, त्याला एंडोटॉक्सिन म्हणतात. १९८७ मध्ये अमेरिकेत स्वयंसेवकांना मोजून-मापून कापसाची धूळ हुंगविली, तेव्हा श्वास किती घटला याचा मेळ धुळीच्या वजनापेक्षा या विषाच्या मात्रेशी अधिक बसला. आणि या विषाची कल्पना मुळात मांडली कोणी? त्याच फायफर यांनी, त्याच १८९२ च्या सुमारास. एका प्रश्नात चुकलेला माणूस दुसऱ्या प्रश्नात असा बरोबर ठरला. जिनात रेच्यावर काम करणाऱ्या मजुराने नाकाला फडके बांधावे, आणि मालकाने धूळ ओढून घेणारी यंत्रे लावावी, हे सांगताना आम्ही केवळ धुळीबद्दल बोलत नाही. त्या धुळीतला मेलेला जंतूही जिवंत माणसाची छाती आवळतो.

तेव्हा श्वासनलिकेतील जंतूंची भूमिका एक नाही. क्षयाचा जंतू हा आक्रमक. तो घर पाडतो. हिमोफिलस, स्यूडोमोनास हे बिऱ्हाडकरू. पडक्या घरात शिरून ते दुरुस्ती होऊ देत नाहीत. आणि कापसाच्या धुळीतले मृत जंतू हे विषारी कचरा. या तिघांना एकच औषध नाही, हे आता निराळे सांगायला नको.

शेवटी, करावयाचे काय? ओसरीवरच्या गृहस्थासाठी आम्ही चार गोष्टी सांगतो, आणि त्या त्याच्या घरच्यांनीही ऐकाव्यात.

पहिली: खोकला दोन आठवड्यांपुढे गेला, तर गोळीआधी बेडका. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी, दोन-तीन दीर्घ श्वास घ्यावेत आणि छातीतून खोकून कफ काढावा. थुंकीने भरलेली डबी व्यर्थ. प्रयोगशाळेत प्रथम हेच पाहतात: पूपेशी भरपूर आणि तोंडाच्या कातडीच्या पेशी कमी असतील, तरच तो नमुना छातीचा. क्षयाची तपासणी आणि इतर जंतूंची तपासणी या दोन वेगळ्या आहेत. एकीत ‘नाही’ आले म्हणजे दुसरीत काही नाही असे होत नाही. म्हणून डॉक्टरांना दोन्हींविषयी विचारावे.

दुसरी: क्षयाच्या गोळ्या अंदाजाने पुन्हा सुरू करू नयेत, आणि अंदाजाने नाकारूही नयेत. क्षय उलटतो, हे खरे आहे; म्हणूनच तो सिद्ध करावा.

तिसरी: दुकानातून आपल्या मनाने जंतुनाशक घेऊ नये. अशा अनेक औषधांना २०१४ पासून चिठ्ठी दाखविणे आणि विक्रीची नोंद ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे, ते उगाच नाही. लेव्होफ्लॉक्सासिनच्या जातीची औषधे क्षयाला अर्धवट दाबून टाकतात. निदान लांबते आणि जंतू निर्ढावतो. ॲझिथ्रोमायसिन दीर्घकाळ द्यावयाचे असेल, तर क्षयाचे ते मातीतले भाऊबंद छातीत नाहीत ना, हे आधी पाहावे लागते. एरवी तेही निर्ढावतात, आणि त्यांच्यावरचे मुख्य औषध हातचे जाते.

चौथी, आणि आमच्या मते सर्वांत मोठी: रांजण घासावा. म्हणजे कफ रोजच्या रोज बाहेर काढावा. दीर्घ श्वास, थोडे थांबणे, उघड्या तोंडाने ‘हा’ असा जोराने सोडलेला उच्छ्वास, आणि ज्या कुशीवर निजल्याने कफ सुटतो त्या कुशीवर काही वेळ पडून राहणे. हे व्यायाम डॉक्टरांकडून किंवा फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्यावेत. याला पैसे पडत नाहीत, जंतू याला निर्ढावत नाहीत, आणि कोल यांच्या चक्राचा साचलेपणाचा आरा यानेच अडतो. जोडीला धूर आणि विडी सोडावी, पोटभर सकस अन्न घ्यावे, आणि इन्फ्लुएन्झा व न्यूमोनियाच्या लसींविषयी डॉक्टरांना विचारावे.

ही झाली रोग्याची कर्तव्ये. पण गावाचेही एक कर्तव्य आहे. आपल्या सरकारी वहीत क्षयरोग्याची कथा ‘उपचार पूर्ण’ या दोन शब्दांवर संपते. त्या दोन शब्दांमागे मोठे यश आहे, ते आम्ही नाकारीत नाही. पण ज्याची छाती पडक्या घरासारखी झाली आहे, त्याची कथा तेथे संपत नाही, सुरू होते. त्याचा श्वास वर्षातून एकदा मोजावा, त्याचा बेडका तालुक्याच्या गावीच थंड ठेवून वेळेत पुढे पाठविण्याची सोय असावी, आणि आलेले निकाल जिल्ह्यात एका ठिकाणी साठवावेत: एवढे झाले, तर यवतमाळच्या छातीत कोणते जंतू राहतात, याचे उत्तर युरोपच्या पुस्तकातून काढावे लागणार नाही. संशोधन म्हणजे मोठ्या शहरातली मोठी यंत्रे असे आपण समजतो. या प्रश्नात संशोधनाची सुरुवात एका झाकण घट्ट बसणाऱ्या डबीपासून आणि बर्फाच्या एका पेटीपासून होते.

बोलता बोलता वेळ झाला. बाहेर गेलेले गृहस्थ आता आत आले असतील. त्यांना जागा करून द्यावी. आणि घरी जाताना कोणी त्यांना “टीबी उलटला की काय?” असे विचारण्याऐवजी “बेडका तपासला का?” एवढेच विचारले, तर आजच्या संध्याकाळचे सार्थक झाले असे आम्ही समजू. एवढे बोलून आपली रजा घेतो.